पडद्यावरची घरं

रविवार, रात्री

आज 'दृश्यम' परत लागला होता, अजय देवगणचा, २०१५ चा. तो लागला की आमच्याकडे कुणी रिमोटला हात लावत नाही. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, गोष्ट तोंडपाठ आहे, तरी २ ऑक्टोबरचा विषय निघाला की त्या खुर्ची पुढे ओढून बसतात. मूळचा मोहनलालचा मल्याळम सिनेमा २०१३ चा. तोही लेकीने लॅपटॉपवर दाखवला होता आणि तो फार चांगला आहे. पण माझा जीव या गोव्यातल्या विजय साळगांवकरात गुंतलेला आहे.

पांडोलिम नावाचा गाव गोव्यात शोधून सापडणार नाही, तो सिनेमापुरता. माणूस मात्र पुरता ओळखीचा. चौथी नापास, केबलचा धंदा, रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघणारा. नव्वदच्या दशकात वाळपईत काय नि डिचोलीत काय, असा एक केबलवाला असायचाच. त्याच्या त्या छोट्याशा खोलीत टीव्ही, वायरी आणि एक पोरगा हाताखाली, एवढं दाखवलं आणि मला तो माणूस पटला. पुढे तो जे काय करतो ते सगळं मग मी मानलं.

मी मामलेदार कचेरीत काम करते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, दिवसभर लोकांचे हात खिडकीतून आत येत असतात. कागदाचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. पण तालुक्याच्या गावात कागदाइतकंच वजन 'मी त्याला त्या दिवशी बघितला होता' या वाक्याला असतं. घरच्यांच्या हातून झालेला खून लपवणाऱ्या विजयला हे नेमकं ठाऊक आहे. बसचं तिकीट, हॉटेलचं बिल, सिनेमाचं तिकीट कुणीही जमवील. तो त्याच माणसांकडे पुन्हा जातो आणि बोलता बोलता त्यांच्या डोक्यात तारीख पेरतो. मग कंडक्टर आणि हॉटेलवाला छातीठोकपणे सांगतात, हा माणूस बायको-मुलींना घेऊन २ आणि ३ ऑक्टोबरला आमच्याकडे आला होता. त्यांच्या मते ते खोटं बोलतच नाहीत. दरवेळी मी इथे थक्क होते.

एक भाग मात्र मला बघवत नाही. पोलीस गायतोंडे विजयच्या लहान मुलीवर हात उचलतो तो. कमलेश सावंतनी ते काम इतकं चोख केलंय की आई उठून आत निघून जातात आणि मुलगी बोलली का, हे तिथूनच विचारतात.

'दृश्यम'चा दिग्दर्शक निशिकांत कामत, त्याला साधी, पगारावर जगणारी माणसं कळत होती. 'डोंबिवली फास्ट' (२००५) मधला माधव आपटे तरी वेगळा कुठे आहे? तेच घर, तीच लोकल, तीच नोकरी, आणि एक दिवस तो माणूस फुटतो. कामत ऑगस्ट २०२० मध्ये गेला, अवघा पन्नास वर्षांचा होता. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. 'दृश्यम'चा दुसरा भाग (२०२२) त्याच्या पाठीमागे दुसऱ्याने केला. गोष्ट हुशार आहे, शेवट तर जबरदस्त. पण त्यात विजय थिएटरचा मालक झालेला आहे आणि रात्री केबलच्या ऑफिसात बसणारा माझा विजय त्यात मला सापडत नाही.

सोमवार

पाऊस धो धो. कचेरीतून येईपर्यंत साडी पोटरीपर्यंत भिजली. जेवणं आटोपून आईंबरोबर मालिकेला बसले.

मालिका मी नावं ठेवायला बघत नाही. आई दिवसभर घरात एकट्या असतात, संध्याकाळची ती दोन तासांची माणसं त्यांची हक्काची आहेत. पण त्या घरांत मला राहावंसं वाटत नाही. दिवाणखान्यातून वर जाणारा मोठा जिना, जिन्याखाली सगळं कुटुंब एका रांगेत उभं, आणि ओट्यावरच्या पातेल्यातून वाफ म्हणून येत नाही. आजच्या भागात सून भाजी चिरत होती. चांगली पाच मिनिटं चिरली. सुरी गाजराला लागतही नव्हती, डोळे सासूकडे. जेवायला बसली तेव्हा ताटं भरलेली, आणि पहिला घास तोंडाशी जायच्या आत भांडण सुरू होऊन सगळे उठले. आई म्हणाल्या, "ह्या घरांत कोणूच जेवना गो?"

अगदी माझ्या मनातलं बोलल्या. पडद्यावरच्या माणसांनी जेवावं, ताट उचलावं, खरकटं काढावं, बिलं भरावीत, एवढीच माझी अपेक्षा असते. मग त्यांच्या घरात कितीही मोठं संकट आणा, मी त्यांच्याबरोबर रडायला तयार आहे.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' म्हणूनच अजून डोक्यात आहे. २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालं. दिलीप प्रभावळकरांचे आबा, राजन भिसे, शुभांगी गोखले, दोन मुलं. एक मध्यमवर्गीय घर आणि त्यात रोज घडतं तेवढंच. प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनावरून केलेलं, त्यामुळे घरातलं जो तो डायरी लिहितो. एकच घटना आजोबांना एक दिसते, नातवाला दुसरी. मी रोजनिशी लिहायला लागले त्याला तेही एक कारण आहे. कुणी कुणाच्या दुधात विष घातलं नाही, तरी आठवडाभर पुढच्या भागाची वाट बघायचो.

आणि 'रात्रीस खेळ चाले'. २०१६ ला आलं तेव्हा आमच्या सत्तरी तालुक्यात रात्री साडेदहाला रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. मालिकेतला वाडा आकेरीचा, म्हणजे सावंतवाडीच्या अलीकडे-पलीकडे, आमच्या दृष्टीने शेजारच. ती मालवणी आमच्या कानाला परकी नाही, पेडण्याच्या माणसाला तर नाहीच. भुताचं मला फारसं वाटलं नाही. २०१९ ला दुसरा भाग आला, त्यात अण्णा नाईक जिवंत, आणि तो जिवंत अण्णा भुतापेक्षा भयंकर होता. माधव अभ्यंकर नुसते ओसरीवर येऊन बसले तरी घरातल्या बायकांचे आवाज उतरायचे. अशी घरं मी बघितली आहेत. शकुंतला नरे यांची माई सारखी चुलीपाशी, बोलता बोलता हात चालू, आणि नवरा आल्याची चाहूल लागली की पदर आपोआप डोक्यावर. तो पदर लेखकाने लिहून दिलेला नसणार, असं मला वाटत राहतं. तो वाडाही खरा. म्हणून तर लोक गाड्या करून आकेरीला वाडा बघायला जायचे.

मंगळवार

'सिंघम' चालू असताना लाईट गेली, परत आली तेव्हा शेवट चालू होता. काही बिघडलं नाही. कोलवा म्हणून जे दाखवलंय त्यात कोलव्याचं काही दिसत नाही. प्रकाश राजसाठी बघावा.

गुरुवार

कचेरीत नवीन आलेल्या मुलीने विचारलं, मॅडम, सरकारी कामावरचा एखादा चांगला सिनेमा सांगा. मी दोन सांगितले.

पहिला 'किल्ला'. अविनाश अरुणचा, थिएटरला २०१५ मध्ये आला. नवरा गेल्यावर बदली होऊन कोकणात आलेली बाई आणि तिचा मुलगा चिन्मय. सगळे त्या मुलांचं, समुद्राचं, पावसाचं कौतुक करतात, आणि ते खरंच आहे. दिग्दर्शक स्वतः छायाचित्रकार, पावसाळी संध्याकाळचा तो करडा उजेड त्याने जसाच्या तसा धरलाय. बर्लिनला त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. पण मी बघत होते ती अमृता सुभाषला, टेबलामागे बसलेली. नव्या कचेरीत पहिल्या दिवशी सगळे चांगले बोलतात आणि मग हळूच एखादी फाईल पुढे सरकते. सही करावी की नाही, विचारायचं कुणाला, घरी जाऊन मुलाशी काय बोलायचं. ती घरी येते तेव्हा तिच्या खांद्यावर दिवसभराचा थकवा दिसतो. मुलावर ती ज्या आवाजात खेकसते तो आवाज माझ्या घरात माझ्या तोंडून निघालेला आहे. नवऱ्याचं दुःख बाजूला ठेवून महिन्याच्या महिन्याला नोकरी करणाऱ्या बाईवर मराठीत इतकं नीट फार थोड्यांनी बघितलंय.

दुसरा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा. व्हेनिसला २०१४ मध्ये बक्षीस, इकडे राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट. पहिल्यांदा बघताना ह्यांना झोप लागली, कारण कॅमेरा एका जागी बसतो तो हलत नाही. मला उलट वाटलं. कचेरीत रोज जे डोळ्यांसमोर चालतं ते असंच चालतं. साक्षीदार आला नाही, पुढची तारीख. कागद नाही, पुढची तारीख. लोकशाहीर नारायण कांबळे आरोपी, गाण्याने कुणा कामगाराने जीव दिला असा आरोप, आणि खटला मात्र असा चालतो की जणू रेशनकार्डातली चूक दुरुस्त करायची आहे.

पण खरी कमाल कोर्टाबाहेर आहे. सिनेमा प्रत्येकाच्या मागोमाग त्याच्या घरी जातो. आरोपीचा वकील गाडीत संगीत लावून सुपरमार्केटात जातो, चीज नि वाईन घेतो. सरकारी वकील लोकलने घरी येते आणि ओट्याशी उभी राहते. मुलं आणि नवरा बाहेर टीव्हीपुढे. गीतांजली कुलकर्णी तिथे काहीच 'करत' नाही, नुसती स्वयंपाक करते, आणि त्या एका प्रसंगाने मला तिचा राग धरताच येईना. दिवसा हीच बाई एका म्हाताऱ्या शाहिराला वर्षानुवर्षं आत ठेवायला सांगते. घरी ती माझ्यासारखीच आहे. मला हे फार अस्वस्थ करून गेलं, आणि चांगल्या सिनेमाने ते करावं असं मला मनापासून वाटतं. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः 'विद्रोही'चे संपादक, चळवळीतला माणूस. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

शुक्रवार

त्या एप्रिलची आठवण आली म्हणून. महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं आणि मराठी मालिकांची युनिटं गोव्यात आली. कालपर्यंत मुंबई-पुण्यात राहणारी कुटुंबं अचानक आमच्याकडे, बंगल्यात. आईंना कोण आनंद! पुढे इथेही रुग्ण वाढले, मडगावच्या रवींद्र भवनातल्या चित्रीकरणावरून विरोध झाला आणि मे महिन्यात सरकारने परवानग्या मागे घेतल्या. ते योग्यच झालं, तेव्हा इथे इस्पितळात खाट मिळत नव्हती. मात्र एवढी युनिटं राहून गेली तरी त्या मालिकांतून गोव्यातलं एकही राहतं घर मला दिसलं नाही. माडाची झाडं दिसली, हिरवळ दिसली.

शनिवार

गोव्याचं घर म्हणाल तर 'त्रिकाल'. श्याम बेनेगल, १९८५. लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात केलेला. काळ १९६१ चा, मुक्तीच्या तोंडावरचा. घरचा यजमान वारला आहे आणि लीला नायडूंची दोना मारिया ते मान्यच करत नाही. मेणबत्त्यांच्या उजेडात अशोक मेहतांनी ती दालनं अशी टिपली आहेत की लाकडाचा आणि मेणाचा वास यावा. हिंदीत बोलणारी ती किरिस्तांव माणसं पहिली दहा मिनिटं खटकतात, पुढे त्या घरातच आपण हरवतो.

आमच्या सत्तरीच्या माणसाला त्यात आणखी एक ओढ आहे. नवऱ्याच्या आत्म्याला बोलवायला बैठक मांडतात आणि येतो कोण, तर कुष्टोबा राणे! पोर्तुगीजांशी लढलेला आमचा कुष्टोबा त्या सरदार घराच्या दिवाणखान्यात येऊन उभा राहतो. दीपाजी राण्यांचं १८५२ चं बंड, मग कुष्टोबाचं, या गोष्टी इथे शाळेच्या आधी आजीकडून कळतात. त्या घराने कुणाच्या जिवावर सुख भोगलं ते बेनेगलनी एका भुताकडून वदवून घेतलं. वाळपईत बसून बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि कोकणीत, 'नाचुया कुंपासार'चं संगीत मलाही आवडतं, पालोमी घोष तर फारच. पण माझा सगळ्यात आवडता 'पलतडचो मनीस'. लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा, महाबळेश्वर सैलांच्या 'अदृष्ट' कादंबरीवरून. २००९ मध्ये टोरांटोला समीक्षकांचं बक्षीस मिळालं. रानातला एक फॉरेस्ट गार्ड, बायको गेलेली, एकटा क्वार्टरमध्ये राहतो. गाव सोडून दिलेली एक वेडी बाई तिथे येते. तो तिला आधी हाकलतो, मग जेवू घालतो, मग राहू देतो. गाव तिकडे रानात देऊळ बांधण्यात गुंतलेलं, आणि या दोघांचं एकत्र राहणं मात्र त्यांना सहन होत नाही. चित्तरंजन गिरी एकट्याने राहणाऱ्या पुरुषाची ती हालचाल कशी करतात बघा, भांडं कुठे ठेवायचं हेही ठरलेलं. वीणा जामकरची वेडी बाई त्या खोलीत आल्यावर भांड्यांची जागा बदलते. दोघं फारसं बोलत नाहीत. सत्तरीच्या रानात असे गार्ड, असे क्वार्टर मी लहानपणापासून बघते आहे, आत कोण कसं राहत असेल हे मात्र त्या सिनेमाने पहिल्यांदा दाखवलं.

हा सिनेमा शनिवारी रात्री जेवणानंतर टीव्हीवर लागायला हवा, मालिकांच्या वेळेला. पणजीला मोठ्या पडद्यावर बघितलेल्या आम्हा थोड्यांपुरता तो राहू नये. आईंना मी गोष्ट सांगितली तर त्यांनी लगेच विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं. सांगितलं नाही. कुठून तरी मिळवून दाखवणार आहे.