उभं राहून दिलेलं मत

ऑस्टिनमधल्या टेक्सासच्या विधानभवनात मी पहिल्यांदा गेले ती पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला. गुलाबी ग्रॅनाइटची भव्य इमारत आहे, वरच्या प्रेक्षकसज्जात कुणीही जाऊन बसू शकतं. खाली कामकाज चालू होतं आणि निम्मे सदस्य आपसांत बोलत होते. एका दिवंगत सैनिकाचा शोकठराव वाचायला घेतला, तशी कुजबुज थांबली. एरवी इथे बटण दाबून मत देतात, पण शोकठरावाला सगळे उभे राहतात आणि तेच त्यांचं मत. ठरावाच्या शेवटी दोन गोष्टी होत्या : आजची बैठक संपेल ती यांच्या स्मरणार्थ, आणि ठरावाची एक प्रत कुटुंबाला द्यावी. सज्जात पुढच्या रांगेत एक म्हातारी बाई पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. सगळं सभागृह उभं राहिलं तेव्हा तिला मात्र उठता येईना.

आपल्याकडेही अधिवेशनाच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव येतो. पेपरात त्याची एक ओळ छापून येते आणि ती मी आजवर वाचून सोडून द्यायची. त्या दिवसापासून नाही सोडत.

आमच्या घरापासून सव्वा तासावर किलीन गाव आहे. त्याला लागूनच फोर्ट हूडचा प्रचंड लष्करी तळ. ५ नोव्हेंबर २००९ रोजी तिथे परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या आणि तिथून परतलेल्या सैनिकांची तपासणी, कागदपत्रं चालू होती. लष्करातल्याच एका मानसोपचारतज्ज्ञाने त्या इमारतीत गोळीबार केला. १३ माणसं गेली, ३० हून जास्त जखमी झाली. गेलेल्यांत एक सैनिक गरोदर होती. पाच दिवसांनी तळावर शोकसभा झाली. १३ बुटांच्या जोड्या, रायफली, हेल्मेटं आणि फोटो ओळीने मांडले होते. मग हजेरी घेतली गेली. गेलेल्यांची नावं पुकारली, आणि ओ द्यायला कुणीच नाही. मी हे व्हिडिओवर पाहिलं, आणि पुढचे दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही.

वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसमध्येही, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, श्रद्धांजली वाहिली गेली. पण इथल्या कुटुंबांना झोंबत राहिली ती सरकारी कागदावरची भाषा. या प्रकाराचा उल्लेख 'कामाच्या ठिकाणी झालेली हिंसा' असा होत राहिला. शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांना मिळणारं पर्पल हार्ट पदक त्यामुळे मिळेना, आणि पदकाबरोबर येणाऱ्या सवलतीही अडल्या. कचेरीतल्या भांडणासारखी नोंद झाली, असं त्यांना वाटलं तर मला त्यात काही चूक दिसत नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये लष्करी न्यायालयाने मारेकऱ्याला दोषी ठरवून मृत्युदंड सुनावला, तरी नोंद तीच. टेक्सासचे खासदार जॉन कार्टर आणि सिनेटर जॉन कॉर्निन यांनी विषय लावून धरला. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये संरक्षण खर्चाच्या कायद्यातून पदकाचे निकष बदलले : हल्लेखोर आधीपासून परदेशी दहशतवादी संघटनेच्या संपर्कात असेल आणि तिच्या प्रेरणेने त्याने हल्ला केला असेल, तर पदक देता येईल. १० एप्रिल २०१५ रोजी तळावर ती पदकं दिली गेली, हल्ल्यानंतर जवळजवळ साडेपाच वर्षांनी.

एक मिनिट उभं राहणं खोटं असतं, असं मी म्हणणार नाही. त्या म्हातारीचे हात मी पाहिलेत. पण उभं राहिलेल्यांनीच मग खाली बसून कायद्यातलं वाक्य बदलायचं असतं, आणि खरा वेळ तिथेच लागतो.

२०१६ मध्ये किलीनला स्मारक झालं. मी गेले तेव्हा दुपारचं रणरणतं ऊन होतं आणि आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. एकेका माणसासाठी एकेक काळा दगडी खांब आहे, आणि त्यावर त्या माणसाच्या आयुष्यातल्या, आवडीच्या वस्तू कांस्यात घडवल्या आहेत. पदं, हुद्दे नंतर दिसतात, आधी त्या वस्तू. मी तेराही खांबांपाशी थांबले आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं.