गॅलरीतली मिरची पिवळी पडली तेव्हा

जूनमध्ये ठाण्याच्या घरी गॅलरीत मिरचीची सहा रोपं लावली. माती कमी पडली म्हणून वखारीतून लाकडाचा भुसा आणला आणि निम्मा तोच भरला. माती हलकी झाली याचाच मला आनंद! तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली. शेंडे मात्र हिरवे.

"पाणी जास्त होतंय गं," आई म्हणाली. पाणी कमी केलं, फरक नाही. मग बारावीचं जीवशास्त्र पुन्हा उघडलं. पिवळेपणा खालून सुरू झाला, यातच उत्तर होतं. नायट्रोजन कमी पडला की झाड जुन्या पानांतली प्रथिनं मोडतं आणि त्यांतली अमिनो आम्लं कोवळ्या पानांना पोचवतं. लोह कमी असतं तर आधी शेंडा पिवळा पडला असता, कारण लोह असं सहज हलत नाही.

आणि नायट्रोजन खाल्ला होता भुशाने. भुसा कुजवणाऱ्या जिवाणूंनाही स्वतःची प्रथिनं बनवायची असतात. भुशात नायट्रोजन नावापुरता, म्हणून ते मातीतला ओढून घेतात.

रोपं साध्या मातीत हलवली, चिमूटभर युरिया बादलीभर पाण्यात विरघळवून थोडं थोडं दिलं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, हात आखडताच ठेवायचा. मातीत त्याचा अमोनिया होतो, मग नायट्रेट. झाड नायट्रेट आत घेऊन त्याचा पुन्हा अमोनिया करतं. पण तो साचला तर विषारी, म्हणून ग्लुटामेट हे अमिनो आम्ल त्याला लगेच पकडतं आणि ग्लुटामाइन तयार होतं. इतर अमिनो आम्लांना नायट्रोजन मिळतो तो इथूनच. या सगळ्याला लागणारी ऊर्जा आणि कार्बन प्रकाशसंश्लेषणातून येतात. हे वाचल्यावर कुंड्या कठड्याजवळ, उन्हात सरकवल्या. दहाएक दिवसांत नवी पानं गडद हिरवी आली. पिवळी झालेली गळूनच गेली.

भुशाची माती टाकवेना. त्यात चवळी लावली, बियांना गुळाच्या पाण्यातून रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठींत राहून हवेतला नायट्रोजन पकडणारे जिवाणू, चोळून. फुलं आल्यावर एक रोप हलकेच उपटलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी! तो लेगहिमोग्लोबिनचा रंग. हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून हे प्रथिन गाठीतला मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं. नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, १६ रेणू खर्च होतात, आणि ते चवळी स्वतःच्या साखरेतून पुरवते.

आईला नख दाखवलं. ती चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, "बाकीची रोपं नको उपटूस."