भंगारातला टीव्ही गेम ‘दुर्मीळ’ आहे का? खोक्यावर जाऊ नका, बोर्ड वाचा

जळगाव, भुसावळ, धुळे इकडच्या भंगाराच्या आणि जुन्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानांत अजूनही अधूनमधून जुने टीव्ही गेम निघतात. ‘जुनं शे भाऊ, पन चालू शे’ एवढ्यावर सौदा होतो. मग तोच डबा ऑनलाइन विकायला टाकला की त्याचा ‘रेअर प्रोटोटाइप’, म्हणजे विक्रीआधीचा दुर्मीळ नमुना, होतो. बहुतेक वेळा आत असतो फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी टीव्ही गेमचा, क्लोन (नक्कल). कवच अटारीसारखं असेल, सेगासारखं असेल, नाहीतर कशासारखंच नसेल. त्यावरून काहीही ठरत नाही.

आधी काळाचा हिशेब करा. मॅग्नावॉक्स ओडिसी, म्हणजे घरी खेळायचा पहिला टीव्ही गेम, अमेरिकेत १९७२ साली विकायला आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. खानदेशात टीव्ही घराघरांत दिसायला लागला तो १९८०च्या दशकात, आणि रंगीत प्रक्षेपणही १९८२चं. त्यामुळे १९७०च्या दशकातलं यंत्र इथे मिळालंच, तर ते कुणीतरी नंतर परदेशातून आणलेलं असणार. कुणी आणलं आणि कुठून, हे दुकानदाराला तिथल्या तिथे विचारून लिहून घ्या. माल एकदा दुसऱ्या गोदामात गेला की ही माहिती परत मिळत नाही.

आता पेचकस घ्या. कॅसेटच्या खाचेतले संपर्क मोजा: दोन्ही बाजूंना तीस-तीस, एकूण ६० असतील तर तो फॅमिकॉमच्या जातीचा. त्याच्याच अमेरिकन-युरोपीय रूपाला, एनईएसला, ७२ असतात, अटारी २६००ला २४. क्लोनच्या बोर्डावर यूएमसी कंपनीच्या यूए६५२७ आणि यूए६५३८ या आयसी असतील तर तो बऱ्यापैकी जुना, सुट्या चिपांचा क्लोन. काळ्या इपॉक्सीचा एकच गोळा असेल तर सगळं एका चिपमध्ये कोंबलेला नंतरचा स्वस्त माल. खऱ्या अटारी २६००मध्ये तीन मोठ्या आयसी दिसतात: ६५०७, ६५३२ आणि टीआयए (चित्र-आवाज तयार करणारी). टीआयएवर सीओ१०४४४ असेल तर एनटीएससी (अमेरिकन टीव्ही-पद्धत), सीओ११९०३ असेल तर पाल (आपली टीव्ही-पद्धत).

क्रिस्टलही, म्हणजे यंत्राच्या चिपांना ताल देणारा भागही, बोलतो. अटारीत ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ म्हणजे अमेरिकन यंत्र. आपल्या जुन्या पाल-बी टीव्हीवर ते लावलं तर चित्र लागतं पण वरखाली सरकत राहतं, कारण ते ६० हर्ट्झचं. जुन्या टीव्हीला मागे व्ही-होल्डची फिरकी असेल तर चित्र थांबवता येतं. आवाज मात्र येत नाही, नुसती फसफस. अमेरिकेत चित्र आणि आवाज यांच्या लहरींत ४.५ मेगाहर्ट्झचं अंतर, आपल्याकडे ५.५. ही खूण दिसली की यंत्र बिघडलेलं समजून टाकून देऊ नका.

तारखेसाठी आयसीवरचा चार आकडी कोड वाचायचा. ७७४२ म्हणजे १९७७चा ४२वा आठवडा. यात लोक हमखास फसतात, कारण ७८०५, ७४३२, ८०८५ हे आयसीचे नंबर आहेत, तारखा नाहीत. नेमका ‘७४३२’ पाहून यंत्र १९७४चं ठरवणारे कमी नाहीत. नियम साधा आहे: यंत्र त्याच्या सर्वांत नव्या चिपपेक्षा जुनं असू शकत नाही. पण ती नवी चिप दुरुस्तीत बसवलेली नाही ना, ते बोर्ड उलटा करून बघा. त्या पायांचं कथील बाकीच्यांपेक्षा वेगळं चमकत असेल, भोवती फ्लक्सचा तपकिरी थर असेल, तर तिची तारीख हिशेबात धरू नका.

पाँगच्या जातीचे, म्हणजे दोन फिरक्या आणि एक चेंडू असलेले डबे हा आमच्या मते सगळ्यांत मजेदार माल. १९७६पासून जगभरच्या असंख्य कंपन्यांनी जनरल इन्स्ट्रुमेंटची एवाय-३-८५०० ही एकच २८ पायांची आयसी घेऊन आपापले डबे काढले. नाव अनोळखी म्हणून यंत्र दुर्मीळ ठरत नाही. आत बहुधा हीच निघते. नुसत्या ८५००ला ६२५ रेघांचं पाल चित्र, मागे ‘-१’ असेल तर ५२५ रेघांचं एनटीएससी.

ही आयसी तपासायला डब्यातली जुनी वायरिंग वापरू नका. सेलचा कप्पा आधी साफ करा. जुने सेल झिंक-कार्बनचे असतात, त्यांची गळती आम्लधर्मी, म्हणून खायच्या सोड्याचं ओलं बोट फिरवायचं. अल्कलाइन सेल गळाला असेल तरच व्हिनेगर. मग चार नवे पेन्सिल सेल जोडून ६ व्होल्ट करा: पाय २ला ऋण, पाय ४ला धन. ९ व्होल्टची बॅटरी थेट लावू नका, या चिपचं पोट ६-७ व्होल्टांचं आहे. पाय १७वर सुमारे २ मेगाहर्ट्झचं घड्याळ (चिपला ताल देणारे ठोके) येतंय का ते फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या मीटरने बघा. ते नसेल तर चिप मेली असं लगेच म्हणू नका, बाहेरचं ऑसिलेटर सर्किट आधी तपासा. टेनिससाठी पाय २० ऋणाला जोडायचा. आवाज पाय ३वर.

या चिपमधून चित्र एकत्र बाहेर येत नाही, आणि दोष शोधताना हेच कामाला येतं. चेंडू पाय ६वर, उजवा खेळाडू ९वर, डावा १०वर, गुण आणि मैदान २४वर, सिंक (चित्र जागेवर धरणारा इशारा) १६वर. हे सगळं बाहेर एकत्र केलं जातं, पुष्कळदा ४०७२ या आयसीने. त्यामुळे मैदान दिसतं पण चेंडू गायब, असं असेल तर मोठी चिप बहुधा ठणठणीत असते. पाय ६पासून ४०७२पर्यंतचा रस्ता तपासा. बॅट थरथरत असेल तर फिरकीतला व्हॉल्यूम कंट्रोल घाण झालेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब टाकून तो वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा.

क्लोनला अडॅप्टर लावताना घाई नको. मूळ फॅमिकॉमच्या पिनेत आत ऋण आणि बाहेर धन असतं, पुष्कळ क्लोननी तेच उचललं. बाजारातले बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे. बोर्डावरच्या ७८०५ची (५ व्होल्ट देणाऱ्या तीन पायांच्या आयसीची) छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. मधला पाय जॅकच्या कोणत्या टोकाला जातो ते मल्टिमीटरच्या बीपवर ठरवा, मगच वीज द्या. आउटपुटला ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. कमी असतील किंवा चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर मोठा फिल्टर कॅपॅसिटर बहुधा आटलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस उन्हाळे काढलेला कॅपॅसिटर वरून फुगलेला दिसत नसला तरी बदला.

खऱ्या प्रोटोटाइपच्या खुणा: बोर्डावर छापील नावं नसणं, हाताने गुंडाळलेल्या तारा, साच्याऐवजी कापून-चिकटवून बनवलेलं कवच, आणि काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम (गेमचा प्रोग्राम साठवणाऱ्या, उजेडाने पुसता येणाऱ्या चिपा). बोर्डावर वरून जोडलेली एखादी उडती तार हा पुरावा नव्हे, कारखान्यातून निघालेल्या मालातही त्या सर्रास असतात. ईप्रॉमची खिडकी उघडी असेल तर त्या क्षणी काळी टेप लावा. थेट उन्हात साधारण आठवडाभरात ती कोरी होते, आणि आपल्याकडे भंगार कुठे पसरून ठेवतात ते सांगायला नको. ईप्रॉममधला प्रोग्राम वाचून घेण्याआधी तिचा नंबर नीट बघा: इंटेलची २७१६ एका ५ व्होल्टवर चालते, टेक्सासची टीएमएस२७१६ तीन वेगवेगळे व्होल्टेज मागते. दुसरीला स्वस्त यूएसबी प्रोग्रामरमध्ये (चिप वाचायच्या यंत्रात) पहिली समजून बसवलं तर चिप जाऊ शकते. तीनदा वाचा, तिन्ही फायली जुळल्या तरच ती प्रत खरी धरा.

कागदावरचं संशोधन करताना ‘जाहीर झालं’, ‘दाखवलं’ आणि ‘बनलं’ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. अटारीचा कॉसमॉस १९८१मध्ये खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडला गेला, विक्रीला कधीच आला नाही. त्याच्या कॅसेटमध्ये गेम नव्हतेच. गेम यंत्रात, कॅसेटमध्ये फक्त होलोग्राम आणि कोणता गेम ते यंत्राला कळावं म्हणून खाच. कुणी ‘कॉसमॉसच्या कॅसेटमधून गेम काढला’ म्हणत असेल तर तिथेच थांबा. ‘ओडिसी ३’ नावाचा टीव्ही गेम जानेवारी १९८३मधल्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात दिसला आणि अमेरिकेत आलाच नाही, पण त्याचा भाऊ फिलिप्स व्हिडिओपॅक जी७४०० युरोपात रीतसर विकला गेला. म्हणजे ‘अप्रकाशित’ लिहिताना देशाचं नाव लिहायलाच हवं. पेटंट शोधायला व्हिडिओ गेमचं वर्गीकरण ए६३एफ १३ टाका. ओडिसीमागचे संशोधक राल्फ बेअर यांचं ३७२८४८० हे १९७३चं अमेरिकन पेटंट वाचलं की त्या काळची भाषा कळते आणि पुढचे शोधशब्द आपोआप सुचतात.

क्लोन निघाला म्हणून फोटो न काढता फेकू नका. भारतात विकल्या गेलेल्या या डब्यांची नोंद अमेरिकन यंत्रांच्या मानाने फारच तोकडी आहे, आणि इथे बसून आपण तीच भरून काढू शकतो. बोर्ड दोन्ही बाजूंनी सपाट उजेडात, प्रत्येक आयसीचा पूर्ण मजकूर, क्रिस्टलचा आकडा, अडॅप्टरवरचं लेबल, खोक्यावरची भाषा, सोबतच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये खरोखर वेगळे गेम किती, आणि कोणत्या गावात मिळाला ते नोंदवा. विकणाऱ्याचं नाव-नंबर मात्र स्वतःच्या वहीतच ठेवा.