आकडे आधी, निकाल नंतर

आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची निवडणूक पार पाडण्याचे काम माझ्याकडे आले, ते मी निवृत्त मास्तर असल्यामुळे आणि कोणत्याच पॅनेलच्या चहाला जात नसल्यामुळे. परभणी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातली ही संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदलेली आहे. मतदान कसे घ्यावे, हे संस्थेच्या घटनेत दीड पान भरून लिहिलेले आहे. निकालाबद्दल मात्र ‘निवडणूक अधिकारी निकाल जाहीर करतील’ एवढे एकच वाक्य.

त्या एका वाक्यामुळे मागच्या खेपेस काय झाले, ते मी पाहिले होते. मोजणी संपायच्या आतच कोणीतरी खिडकीतून हात हलवला, बाहेर गुलाल उधळला गेला, आणि इतिवृत्तात फक्त निवडून आलेल्यांची नावे उमटली. कोणाला किती मते, बाद किती, याचा कागद झालाच नाही. नवे मंडळ आले की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला, पराभूतांनी हरकत घेतली, आणि दाखवायला पुरावा नसल्याने तारखांवर तारखा पडत गेल्या. त्या कार्यालयाच्या नोंदवहीत जुनीच नावे राहिली, बँकेने सह्या बदलून दिल्या नाहीत, आणि वर्तमानपत्रांचे बिल थकले.

नोकरीत असताना मी निवडणुकीच्या अनेक ड्युट्या केल्या होत्या. लोकसभा-विधानसभेसाठी असलेल्या १९६१ च्या निवडणूक नियमांतील नियम ६३ असा आहे, की मोजणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक उमेदवाराची एकूण मते आधी वाचून दाखवायची, फेरमोजणीचा लेखी अर्ज करायला अवसर द्यायचा, आणि त्याचा निर्णय झाल्यावरच निकाल घोषित करायचा. हे नियम आमच्या संस्थेला लागू नाहीत, हे मला ठाऊक होते. म्हणून अर्ज माघारीच्या दिवशीच सर्व उमेदवारांना बसवून हीच पद्धत लिहून काढली आणि खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मोजणीच्या खोलीत मोबाइल आणायचा नाही, ही अट घालताना थोडी कुरकुर झाली.

जागा ११, उमेदवार १७. मतपत्रिकांची स्थळप्रत १८६ सांगत होती आणि पेटीतून निघाल्या १८५. बाहेर हलगी तापवून ठेवलेली, आणि दारातून आवाज येत होता, “गुरुजी, कोण आलं तेवढं तरी सांगा की!” मी दाराला आतून कडी लावली आणि मतपत्रिका पुन्हा एकेक करून उलगडायला सांगितल्या. शंभराच्या आसपास एक घडी जाड लागली. तिच्या पोटात दुसरी मतपत्रिका तशीच घडी करून बसलेली. मग बाद मतांचा विषय निघाला. एका सभासदाने पंधरा जणांपुढे फुल्या मारून खाली ‘सगळेच आपले’ असे लिहिले होते. भावना चांगली असली तरी मत बादच. अशी ९ निघाली आणि प्रत्येकीच्या मागे बाद होण्याचे कारण लिहून दोन्ही पॅनेलच्या प्रतिनिधींची सही घेतली.

आकडे वाचले तेव्हा अकराव्या आणि बाराव्या उमेदवारात दोन मतांचे अंतर होते. बाराव्याने लेखी अर्ज दिला. त्या दोघांच्याच मतांची फेरमोजणी केली, आणि अंतर एकावर आले, क्रम तोच राहिला. एक मत खरोखरच चुकीच्या रकान्यात पडले होते, हे मी लपवले नाही. तक्त्यावर दुरुस्ती करून तिथेही सह्या घेतल्या.

त्यानंतर दार उघडून सभासदांसमोर मी तक्ता वाचला: दिलेल्या मतपत्रिका १८६, वैध १७७, बाद ९, मग सतराही उमेदवारांची मते, हरलेल्यांसकट, आणि शेवटी निवडून आलेली नावे. तीन मतांवर राहिलेल्या एका उमेदवाराने आपला आकडा वाचू नये, अशी आधी हळूच विनंती केली होती. वाईट वाटले, पण एक आकडा गाळला की बेरीज जुळत नाही, आणि बेरीज न जुळलेला तक्ता पुढे हरकतीत टिकत नाही.

तक्त्याची एक प्रत सूचनाफलकावर लावली, एक इतिवृत्ताला जोडली, एक बदल अर्जासोबत त्याच महिन्यात दिली. मतपत्रिका लाखेने सील केलेल्या पाकिटात संस्थेच्या कपाटात आहेत, आणि सीलवर पहिली सही एका मताने हरलेल्या त्या उमेदवाराची आहे.