दोन टाइपरायटर आणि चोडणची फेरी

काल रात्री दीडपर्यंत जागून रेबेका रॉसचं २०२३ मधलं 'डिव्हाइन रायव्हल्स' हे कादंबरीचं पुस्तक संपवलं आणि अजून डोक्यातून जात नाहीये. आयरिस आणि रोमन एकाच वर्तमानपत्रात कामाला, दोघांनाही स्तंभलेखकाची तीच एक जागा हवीय, त्यामुळे एकाच ऑफिसात असूनही बोलणं सगळं टोमण्यांत. तिकडे देवांचं युद्ध चाललंय, आयरिसचा भाऊ त्यात लढायला गेलाय, ती त्याला पत्रं टाइप करून कपाटाच्या दाराखाली सरकवते आणि ती जादूने पोचतात थेट रोमनकडे!! आणि तो नाव न सांगता उत्तर द्यायला लागतो.

मला हेच भयंकर आवडलं. दिवसा भांडण आणि रात्री पत्रातून मन मोकळं करणं, ते पण कोणाशी हे तिला माहीतच नाही, आपल्याला मात्र माहितीय म्हणून प्रत्येक पत्राला छातीत धडधड. प्रतिस्पर्धी माणूस आपलं काम सगळ्यात बारकाईने वाचतो ना, म्हणून तो प्रेमात पडला हे पटतं, उगाच नजरानजर वगैरे नाही.

अर्धं पुस्तक मी गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीत वाचलंय, बाहेर धो धो पाऊस, मांडवी नदी गढूळ, आणि आयरिस युद्धावर बातमीदार म्हणून निघाली तिथे फेरी धक्क्याला लागली तरी मी बसूनच, शेवटी एका काकांनी हाक मारली "गो बाय, देंव मगे!" (अगं बाई, उतर ना!)

देवांची गोष्ट अजून थोडी हवी होती, पण पत्रांसाठी मी परत वाचणार. दुसरा भाग मैत्रिणीकडे आहे, शनिवारी म्हापशाला जाऊन आणतेच.