इंदूर पहिल्याच ओळीत

इंग्रजीत लिहिणाऱ्याला एजंट मिळाला, तर तो पुस्तक प्रकाशकांपुढे ठेवतो, कराराची घासाघीस करतो आणि लेखकाच्या मिळकतीतून साधारण १५ टक्के घेतो. मराठीत ही व्यवस्था जवळजवळ नाहीच. लेखकाची बाजू मांडायला एक पानभर पत्र असतं, बस. म्हणून कादंबरी पाठवायची वेळ आली तेव्हा त्या पत्रासाठी मी जेवढी अडून बसले, तेवढी कुठल्या प्रकरणासाठीही बसले नव्हते.

वाद झाला तो पहिल्या ओळीवरून. पुण्याला दिलेली माझी मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, इंदूर खाली कुठेतरी घे. इथल्या संपादकाला वाटेल, ह्याला महाराष्ट्रात वाचक कुठून आणायचा?" तिची काळजी खरी होती, पण मला पटेना. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली भरलंय. आम्ही इथे पाहुणे नाही. आणि माझी गोष्ट दुसऱ्या गावात घडूच शकत नाही.

मग मी लिहिलं: "इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिथल्या एका मराठी कामगाराच्या घराने थकलेल्या पैशांची वाट डिसेंबर २०२३ पर्यंत कशी पाहिली, त्याची ही कादंबरी." हृदयस्पर्शी वगैरे शब्द मी घातले नाहीत. ते वाचणाऱ्याने म्हणायचं.

पत्रासोबतच्या सारांशात शेवटही सांगून टाकला. उत्सुकता राखायला तो दडवू नये असं माझं ठाम मत आहे, कारण गोष्ट शेवटपर्यंत पेलली आहे का, हेच संपादकाला बघायचं असतं. नमुना म्हणून पहिल्या प्रकरणासोबत झांक्यांचं, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचं, प्रकरण जोडलं. मिल बंद, घरात पगार नाही, तरी कामगार वर्गणी काढून अनंत चतुर्दशीची झांकी उभी करतात. ते लिहिताना मी रडले होते, आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे. बाकी नेहमीचंच: युनिकोडमध्ये टाईप, प्रकाशकाची आधीची पुस्तकं बघून निवड, आणि हस्तलिखित आणखी कुठे पाठवलं असेल तर तसा पत्रात स्पष्ट उल्लेख.

एका ठिकाणाहून लगेच होकार आला, सोबत छपाईच्या खर्चाचा तक्ता. मी नकार कळवला. ज्याचे पैसे लेखकाकडूनच सुटले, तो पुस्तक विकायला दुकानोदुकानी कशाला फिरेल? स्वतःच्या हौसेने, हिशेब समजून कुणी खर्च केला तर माझी हरकत नाही. पण त्याला निवड म्हणू नये.

दुसऱ्या एका संपादकांनी संपूर्ण हस्तलिखित मागवलंय, म्हणून सध्या कराराचा अभ्यास चाललाय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. त्यामुळे "सर्व हक्क कायमचे" अशी ओळ दिसली तर मी सही करणार नाही. छापील आवृत्तीचे हक्क मुदतीने देईन. ऑडिओ आणि भाषांतराचे वेगळे बोलू. हिंदी भाषांतर तर मला हवंच आहे. मिलमधले माझ्या वडिलांचे कितीतरी सोबती मराठी वाचत नाहीत.