काळी दोनमधून पांढरी एकमध्ये

नट आणि पार्श्वगायिका अशी जोडी लावून स्पर्धा करायची, तर गाणं नटाच्या गळ्याला मापून शिवावं लागतं. गायिका कुठल्याही पट्टीत निभावून नेते, नट नेत नाही. चॅनेलवाल्यांना हे पहिल्या भागात पटत नाही, चौथ्या भागापर्यंत आपोआप पटतं.

ज्या शूटबद्दल लिहितोय, त्यातला नट नाटकातला. शनिवार-रविवार दोन-दोन प्रयोग करून सोमवारी सकाळी सेटवर आलेला. बोलताना आवाज ठीक, पण वर गेला की चिरायचा. गाणं जुन्या चित्रपटातलं युगलगीत, कापून सव्वादोन मिनिटांवर आणलेलं: मुखडा गायिकेचा, अंतरा नटाचा, शेवटचा मुखडा दोघांचा. तालमीत पट्टी, म्हणजे षड्जाची (‘सा’ची) जागा, ठरली होती काळी दोन: हार्मोनियमच्या सप्तकातली दुसरी काळी. पांढऱ्याही तशाच मोजायच्या. अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा तार रिषभ (वरच्या सप्तकातला ‘रे’), म्हणजे पांढरी चार. तालमीत तो तिथे पोचत होता. सोमवारी मात्र ‘आ’कार हळूहळू वर चढवून घेतला, तर पांढरी तीनवरच आवाज फुटला. गळा फुटतो तिथून निदान एक पूर्ण स्वर खाली थांबायचं, हा आमचा नियम. हिशोब सरळ होता. तार रिषभ पांढरी दोनवर आला पाहिजे, म्हणजे षड्ज पांढरी एकवर.

मग अख्खं गाणंच पांढरी एकमध्ये का नाही घ्यायचं? कारण मुखडा मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) उतरतो. काळी दोनमध्ये तो पंचम काळी पाचवर येतो आणि गायिकेचा आवाज तिथे भरलेला लागतो. पांढरी एकमध्ये तोच पंचम पांढरी पाचवर जातो, तिथे नुसती हवा येते. मुखडा पडला की गाणं पडलं. म्हणून मुखडा काळी दोनमध्ये, अंतरा पांढरी एकमध्ये आणि शेवटी परत काळी दोन, असं ठरलं.

पट्टी बदलताना नेहमी एकच घोटाळा होतो. नवख्याच्या डोक्यात जुना षड्ज घट्ट बसलेला असतो, वाद्यं नव्या पट्टीत जातात आणि हा जुन्याच सुरात अंतरा उचलतो. एकदा चुकीचा उचलला की दोन ओळी तरी सावरत नाही. इथे सुदैवाने दोन्ही पट्ट्यांमध्ये एक स्वर आयता मिळत होता. काळी दोनचा गंधार (‘ग’) आणि पांढरी एकचा पंचम एकच, पांढरी पाच. अंतराही पंचमावरच उठत होता. म्हणून मुखडा आणि अंतऱ्यामधल्या, नुसत्या वाद्यांच्या आठ बारच्या पीसमध्ये शेवटचे दोन बार बासरीने फक्त पांढरी पाच धरून ठेवायची, खाली कीबोर्डवर पांढरी पाचची सेव्हन्थ कॉर्ड (नव्या षड्जाकडे ओढणारा स्वरमेळ), आणि नटाने ऐकू येईल तोच सूर उचलायचा. सरगम समजावत बसलो नाही. ‘बासरी धरेल तिथून सुरू करा’ एवढंच सांगितलं.

पट्टी खाली नेली की गाणं खचल्यासारखं वाटतं. ते झाकायला पीसमध्ये ऱ्हिदम पूर्ण काढला आणि अंतऱ्याच्या पहिल्या समेवर ढोलक आत घेतला. लोकांचं लक्ष ढोलकाकडे जातं. परतीचा प्रवास वरचा असल्यामुळे शेवटचा मुखडा उलट खुलतो. काळी पाचची सेव्हन्थ कॉर्ड लागली की गायिका नेमकी जागेवर येणार, तिची चिंता नव्हती.

वाद्यांची मात्र तारांबळ झाली. बासरीवाल्याला नव्या पट्टीसाठी अंतऱ्याच्या पहिल्या ओळीत बासरी बदलायची होती, त्यामुळे त्या ओळीतली त्याची फिलर जागा गिटारला दिली. काळी दोनला लावलेला तबला अंतऱ्यात कानाला टोचला असता, म्हणून तबला गप्प. सिक्वेन्सरमधली मिडी (यंत्राने वाजवलेली) स्ट्रिंग्ज तीन सेमीटोन खाली सहज उतरली. रेकॉर्ड केलेली व्हायोलिन तेवढी खाली खेचली की प्लॅस्टिकची वाटतात. ती अंतऱ्यात म्यूट करून कीबोर्डवर हाताने वाजवली.

नटाच्या इन-इअरमध्ये (कानातल्या छोट्या स्पीकरमध्ये) काय द्यायचं, यावर निम्मा निकाल असतो. त्याचा स्वतःचा आवाज, पियानो, बारीक क्लिक (लयीची टिकटिक), बस्स. गायिकेचा आवाज त्याच्यापेक्षा बराच खाली. नवखा माणूस मोठ्या आवाजामागे जातो. त्याला एकंदर आवाज मोठा दिला तर तो सुस्तावतो आणि सूर उतरतो. कमी दिला तर ओरडतो. एका कानातला काढून गाण्याची लकब काही नटांना कुठून लागते देव जाणे. निघालेल्या कानात सेटचे स्पीकर उशिरा पोचतात आणि लय मागे पडते.

शेवटच्या ओळीत गायिका वरच्या गंधाराची हार्मनी घेणार होती. ती काढून टाकली. तालमीत नट दर वेळी स्वतःची चाल सोडून तिच्या ओळीवर सरकत होता. शेवटी दोघांनी एकच चाल, सप्तकाच्या अंतराने, आणि हार्मनी कोरसकडे, तीही त्याच्या कानात न देता. गायिकेने मुरकीही गाळली. या कामात कमी गाणं सगळ्यात अवघड, आणि ते जमणाऱ्या फार थोड्या.

दिग्दर्शकाला शेवटी दोघं अगदी जवळ हवी होती. आम्ही निदान सहा फूट मागितले. कारण सौंदर्याचं नव्हतं. नाटकातला माणूस माईक छातीशी धरतो, त्यामुळे गेन (माईक किती आवाज उचलतो ते) वाढवावा लागतो आणि शेजारच्या गायिकेचा आवाजही त्याच्या माईकमध्ये शिरतो. नंतर एडिटमध्ये त्याचा सूर दुरुस्त करायला गेलं की आत शिरलेला तिचा आवाजही सरकतो आणि तिच्याच मूळ आवाजाशी भांडतो. बीबीसीचा २००६ चा ‘जस्ट द टू ऑफ अस’ हा अशाच जोड्यांचा कार्यक्रम लाइव्ह चालायचा, तिथे नंतरच्या दुरुस्तीची सोयच नव्हती. आपल्याकडे ती आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात, पण माईकची जाळी तोंडापासून दोन बोटांवर नसेल तर त्या सोयीचा उपयोग नाही. शेवटी चार फुटांवर तडजोड झाली आणि माईकच्या दांड्यावर कुठे धरायचं तिथे काळी टेप गुंडाळून दिली.

पहिल्या टेकला त्याने अंतरा अचूक उचलला. तिसऱ्या ओळीत श्वास कमी पडला आणि शेवटचं अक्षर तुटलं. पॅच (तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन जोडणं) जेवणानंतर घेऊ, असं प्रॉडक्शनचं म्हणणं होतं. जेवून, तासभर गप्पा मारून आलेल्या गळ्याचा पोत वेगळा लागतो, सांधा उघडा पडतो. म्हणून परीक्षकांचं बोलणं थांबवून तिथल्या तिथे, एक ओळ आधीपासून, त्याच क्लिकवर ती ओळ पुन्हा घेतली. परीक्षक वैतागले. त्यानंतर कीबोर्डचा ट्रान्स्पोज (पट्टी सरकवायची सोय) शून्यावर आणला आणि पुढची जोडी बोलावली.